मोहरचा बुरूज आणि अप्पांचे पॉइंट

नमस्कार. मागं ऐकू येतंय ना? बरं.

वाचनालयातून फोन आला तेव्हा मी पटकन म्हणून गेले की आयर्लंडवर बोलते, आणि मग घरी बसून विचार केला की अख्ख्या देशावर बोलायला आपण कोण, नऊ वर्षं झाली तिकडं जाऊन पण त्यातली निम्मी तर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताची सॅम्पलं इकडून तिकडं करण्यात गेली. म्हणून आज मी फक्त एका बुरुजावर बोलणार आहे. एकच बुरूज, तोही छोटासा, आपल्या प्रतापगडाच्या एका बुरुजाशेजारी ठेवला तर तुम्ही हसाल. पण गेल्या वर्षी अप्पा आले होते आमच्याकडे, त्यांना घेऊन तिथं दोनदा गेले आणि त्या दोन फेऱ्यांमध्ये मला जे कळलं ते आधीच्या पंधरा-वीस फेऱ्यांमध्ये कळलं नव्हतं. अप्पा समोरच बसलेत त्यामुळे मला फार काही मीठमसाला लावता येणार नाही.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहितीय, ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगते, अप्पांनी महाबळेश्वरला एकतीस वर्षं टॅक्सी चालवली. म्हणजे पॉइंट दाखवले. आधी अँबेसेडर, मग मारुती व्हॅन. आमचं घर पॉइंटवर चाललं. आर्थर सीट, एल्फिन्स्टन, केट्स, विल्सन, बॉम्बे पॉइंट, लॉडविक, ही नावं मला बाराखडीच्या आधी पाठ झाली होती, आणि शाळेत असताना मला खरंच वाटायचं की जगात सगळीकडे डोंगराच्या टोकाला पॉइंट असतो, तो देवानेच केलेला असतो, रेलिंगसकट.

तर आता आयर्लंड. आम्ही राहतो एनिस नावाच्या गावात, क्लेअर जिल्ह्याचं मुख्य ठिकाण, पश्चिम किनाऱ्याच्या बाजूला. तिथून पाऊण तासावर समुद्र लागतो आणि समुद्राला लागून हे कडे, क्लिफ्स ऑफ मोहर. मोहर म्हटल्यावर आपल्याला आंबाच आठवतो, मलाही आठवला होता, पण तो जुन्या आयरिश भाषेतला ‘मोहर’, त्याचा अर्थ पडका किल्ला. म्हणजे नावातच पडझड आहे. कडे साधारण चौदा किलोमीटर पसरलेत, दक्षिणेच्या टोकाला १२० मीटर उंच आणि चढत चढत जातात ते मधल्या एका जागी २१४ मीटर. आणि त्या सगळ्यात उंच जागेच्या शेजारी आमचा हा बुरूज. ओब्रायन्स टॉवर. बांधला १८३५ साली.

अप्पांना गाडीतच मी हे सगळं सांगत होते. एनिसटायमन गेलं, लाहिंच गेलं, तिथला बीच बघितला, एवढ्या थंडीत पोरं काळे सूट घालून लाटांवर फळ्या घेऊन चाललीत ते बघितलं, लिस्कॅनर आलं. २१४ मीटर ऐकल्यावर अप्पा जरा गप्प बसले आणि म्हणाले, “विल्सन पॉइंट चौदाशे अडतीस. दोनशे चौदा म्हणजे आपला आंबेनळी घाट अजून चालू बी नाही झाला.” मी म्हटलं अप्पा हे समुद्रातनं सरळ वर आलंय, घाट नाहीये मध्ये, सत्तर मजली बिल्डिंगच्या गच्चीवरून खाली समुद्र. “बघू,” म्हणाले. टॅक्सीवाल्याच्या तोंडातलं ‘बघू’ म्हणजे काय असतं ते इथं कुणाला समजावून सांगायला नको.

आणि बघू म्हणाले खरं, पण बघायला काही नव्हतंच. धुकं! आम्ही पार्किंगला पोचेपर्यंत सगळं पांढरं झालं होतं. फोनवर सूर्याचं चित्र दिसत होतं आणि समोर कापूस. तिकडं पाऊस आपल्यासारखा नाही, आपल्याकडे कसा चार महिन्यांत पाच-सहा हजार मिलिमीटर पडून मोकळा होतो, तिकडं तो वर्षभर हप्त्याहप्त्यानं येतो आणि समुद्रावरनं धुकं कधी आत येईल त्याचा नेम नाही. मला रडू यायचं बाकी होतं, एवढी सुट्टी काढून आणलेलं. पण अप्पा एकदम खूश. त्यांना ओळखीचं वाटलं. “जून महिन्यातला आर्थर सीट,” म्हणाले, “चल, पॉइंट तर करू.”

हा शब्द बघा, पॉइंट ‘करणे’. आपल्याकडे सगळे बोलतात, सात पॉइंट झाले, दोन राहिले. मी कधी त्याच्याकडे लक्षच दिलं नव्हतं.

पार्किंगमधून रस्ता ओलांडला की व्हिजिटर सेंटर आहे, पण ते दिसत नाही, कारण ते टेकडीच्या पोटात बांधलंय, वर गवत. २००७ साली उघडलं. अप्पा विचारतायत ऑफिस कुठंय, आणि ते ऑफिसच्या छपरासमोरच उभे होते. तिथं कोविडच्या आधीच्या वर्षी सोळा लाखांच्या आसपास माणूस येऊन गेला. हा आकडा ऐकल्यावर मात्र ते जरा दबले. मग लगेच विचारलं टॅक्सी युनियन कुणाची आहे. नाहीये म्हटल्यावर त्यांना त्या देशाबद्दल काळजी वाटायला लागली.

तिथून उजवीकडे पायऱ्या चढत गेलं की पाच-सात मिनिटांत बुरूज. त्या दिवशी तो आम्हाला दहा पावलांवर आल्यावर दिसला. गोल, करडा दगड, वरती किल्ल्यासारखी चर्या, म्हणजे दातेरी कठडा, आत गोल जिना. जिना एवढा अरुंद की वरून कुणी आलं तर एकाला भिंतीला चिकटून पोट आत घ्यायला लागतं. वर गेलो. चारी बाजूंनी पांढरं. खालून मात्र आवाज येत होता, लाटांचा नाही, पक्ष्यांचा, हजारो पक्षी एकदम भांडतायत असा, आणि तो वास, माशाचा आणि विष्ठेचा, बोंबील वाळत घातलेल्या अंगणाचा असतो ना त्याच्या जवळपासचा. गिलेमॉट, रेझरबिल, किटीवेक, आणि एप्रिल ते जुलै पफिन, तो रंगीत चोचीचा, विदूषकासारखा दिसणारा. त्यांच्या हजारो जोड्या त्या कड्यांच्या कपारींमध्ये बाळंतपणं करत असतात, आणि आम्हाला एकही दिसत नव्हता.

अप्पा चर्येवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, “ह्यो बुरूज कुणावर नजर ठेवायला?”

प्रश्न बरोबर होता. आपण किल्ल्यांच्या मुलखातली माणसं, बुरूज म्हटलं की टेहळणी, टेहळणी म्हटलं की शत्रू. मी म्हटलं, अप्पा, हा कुणावरच नजर ठेवायला नाही. हा नुसता बघायला बांधलाय. व्ह्यू.

“फक्त व्ह्यू?”

फक्त व्ह्यू.

आता ह्याची गंमत सांगते. हा बांधणारा कॉर्नेलियस ओब्रायन, तिथला जमीनदार आणि क्लेअरचा खासदार, लंडनच्या पार्लमेंटमध्ये. लिस्कॅनरजवळ त्याचा मोठा वाडा होता. त्याच्याबद्दल गावात दोन गोष्टी सांगतात. एक म्हणजे त्यानं बायकांवर इंप्रेशन मारायला हा बुरूज बांधला, त्यांना इथं आणून व्ह्यू दाखवायचा. दुसरी मला जास्त आवडते, लोक म्हणायचे ह्या भागातलं सगळं काही कॉर्नीनं बांधलंय, कडे सोडून. रस्ते, पूल, शाळा, आणि कड्याच्या काठाने दगडी फरश्यांची उभी भिंत. ती भिंत बुरुजापेक्षा महत्त्वाची आहे असं माझं मत आहे, कारण बुरूज नसता तरी व्ह्यू दिसला असता, भिंत नसती तर घोडागाडीतून आलेल्या सायबाच्या बायकोनं काठाजवळ जायची हिंमत केली नसती.

आणि बुरुजानं किती फरक पडतो तेही सांगते, मी हिशोब केलाय. समुद्रसपाटीपासून जेवढे मीटर उंच उभे आहात त्याचं वर्गमूळ काढा, त्याला साडेतीन-पावणेचारच्या मधल्या आकड्यानं, ३.५७ नं गुणा, तेवढे किलोमीटर लांब क्षितिज. २१४ मीटरवर उभं राहिलं तर बावन्न किलोमीटर. समजा बुरुजानं अजून दहा मीटर उंची दिली, तर त्रेपन्न-साडेत्रेपन्न. म्हणजे एवढे दगड वाहून, एवढा जिना करून, मिळालं काय तर एक-दीड किलोमीटर जादाचं पाणी. हे मी अप्पांना तिथंच वर सांगितलं. त्यावर ते जे म्हणाले त्यामुळे मी आज इथं उभी आहे. म्हणाले, “आगं, मानसाला कुठं थांबायचं ते कळाय नको का? नुसत्या डोंगरावर सोडलं तर मानूस गाडीतनं उतरत न्हाई. कायतरी लागतंय. कट्टा लागतो, खांब लागतो, मक्याचं कणीस लागतं. मग तो उतरतो, मग त्याला दिसतं.”

एकतीस वर्षांचा अनुभव.

मग मी घरी येऊन तारखा बघितल्या आणि चाटच पडले. महाबळेश्वर इंग्रजांनी कधी घेतलं? १८२९ साली, साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांबरोबर करार करून, तेव्हा मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम, म्हणून त्याच्या नावानं माल्कम पेठ. आणि हा बुरूज १८३५. सहा वर्षांचं अंतर. म्हणजे एकाच काळात, एकाच राज्याचे साहेब लोक, एक पथक सह्याद्रीच्या कड्यावर ‘इथून बघा’ म्हणून जागा ठरवतंय आणि दुसरं आयर्लंडच्या कड्यावर. त्या वेळी युरोपात ती फॅशनच आली होती, भीती वाटेल असा कडा, खवळलेला समुद्र, ते मुद्दाम बघायला जायचं आणि छातीत धडधड झाली की त्याला सौंदर्य म्हणायचं. त्याआधी कड्यावर कोण जायचं? आपल्याकडे गुराखी, धनगर, मध काढणारे. तिकडं पक्ष्यांची अंडी काढायला दोराने उतरणारे. त्यांना तो कडा दिसत नव्हता असं थोडंच आहे, पण त्यांनी तिथं पॉइंट केला नाही. त्यांना सवड नव्हती हो.

आणि सवडीचा विषय निघालाच आहे तर हेही सांगते, कारण हे लपवून नुसता व्ह्यू सांगणं मला बरं वाटत नाही. बुरूज बांधल्यावर दहा वर्षांनी, १८४५ ला, आयर्लंडच्या बटाट्यावर रोग पडला. गरीब माणूस बटाट्यावरच जगत होता. एकट्या क्लेअर जिल्ह्यात १८४१ च्या शिरगणतीत दोन लाख शहाऐंशी हजार माणसं होती, १८५१ ला दोन लाख बारा हजार. बाकीची मेली नाहीतर बोटीत बसून गेली. बोटी ह्याच समुद्रावरून गेल्या, जो बघायला बुरूज बांधला. लिस्कॅनरला सेंट ब्रिजिडची विहीर आहे, पवित्र पाण्याची, आत बोळकांडीत देवांच्या तसबिरी, जपमाळा, नवसाच्या चिठ्ठ्या, लहान बाळांचे फोटो, तुम्हाला एकदम आपल्याकडच्या एखाद्या जागृत देवस्थानात आल्यासारखं वाटेल. तर त्या विहिरीच्या वरच ओब्रायनच्या नावाचा उंच खांब उभा आहे, तो जिवंत असतानाच उभारलेला. कुळांनी मोठ्या प्रेमानं वर्गणी काढली म्हणे. तिथले म्हातारे सांगतात की प्रेम जरा वसूल करून घेतलं होतं. खरं-खोटं देव जाणे, जमीनदार आणि वर्गणी हे दोन शब्द एका वाक्यात आले की आपल्याला बाकीचं कळतंच.

आणि आपल्याकडे काय वेगळं होतं? लॉडविक पॉइंटवर तो खांब कुणाचा आहे, जनरल लॉडविकचा, पोरानं बापाच्या आठवणीत उभारलेला. आणि पॉइंटला जायचे रस्ते कुणी केले, त्यात मलायाकडून आणलेले चिनी कैदी होते, १८३० च्या दशकात त्यांच्यासाठी महाबळेश्वरला जेल होतं. त्या कैद्यांच्या नावाचा पॉइंट नाही. अप्पा गिऱ्हाइकाला हे सांगायचे का असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, “हनीमूनवाल्यांना कशाला?”

असो. धुक्याचा दिवस संपला, आम्ही घरी आलो, काही दिसलं नाही असं अप्पांनी कुणालाच सांगितलं नाही. गावाकडे फोन लावून म्हणाले, पॉइंट झाला.

आठ दिवसांनी मी पुन्हा नेलं. ह्या वेळी ऊन. आणि आता मी त्यांना आधी दुसऱ्या टोकाला नेलं, दक्षिणेला, हॅग्ज हेड. पाच-सहा किलोमीटरचं अंतर आहे दोन्हींमध्ये. हल्ली काठाच्या पायवाटेचे काही भाग सुरक्षेसाठी बंद ठेवलेत, लोक सेल्फीसाठी नको तिथं जातात, कडा काही ठिकाणी खालून पोखरलेला आणि वर गवताची झूल तेवढी पुढं आलेली असते, पाय कशावर आहे ते कळतच नाही. म्हणून आपण गाडीनेच गेलेलं बरं. हॅग म्हणजे म्हातारी, चेटकीण म्हणा. माल नावाची चेटकीण कूखुलिन नावाच्या वीराच्या प्रेमात पडली, तो पुढं ही मागं, तो समुद्रातल्या सुळक्यांवर उड्या मारत पळाला, ही पडली, आणि खडकाला तिचं तोंड आलं. आपल्याकडे असतं तर त्या दगडाला शेंदूर लागला असता.

तर ह्या म्हातारीच्या डोक्यावरही एक बुरूज आहे, पडका, चौकोनी, आत जायला बंदी. आणि हा अप्पांच्या मनासारखा बुरूज. टेहळणीचा! १७९६ साली फ्रेंचांचं आरमार आयर्लंडच्या दक्षिणेला बँट्री बेमध्ये येऊन थडकलं होतं, वादळानं त्यांना उतरू दिलं नाही म्हणून इंग्रज वाचले. १७९८ ला आयरिश लोकांनी बंड केलं, पुन्हा फ्रेंच आले. इंग्रजांनी धसका घेतला आणि १८०४ पासून सगळ्या किनाऱ्यावर सुमारे ऐंशी असे बुरूज उभे केले, डब्लिनपासून खालून फिरत पार उत्तरेच्या मॅलिन हेडपर्यंत. एका बुरुजावरून दुसरा दिसला पाहिजे असे. प्रत्येकावर जहाजासारखी डोलकाठी, तिच्यावर निशाणं आणि काळे गोळे वेगवेगळ्या पद्धतीनं चढवायचे, त्याचा अर्थ पुढच्या बुरुजावरच्या माणसानं दुर्बिणीतून वाचायचा आणि आपल्या काठीवर तसंच चढवायचं. किनारा धरून निरोप पळायचा. अप्पा म्हणाले आमच्या टॅक्सी स्टँडवर मोबाईलच्या आधी असंच होतं, वेण्णा लेकच्या पोराने रुमाल हलवला की समजायचं आरटीओ आलाय.

आणि ह्या सगळ्या यंत्रणेचा शत्रू कोण, तर फ्रेंच नव्हे, धुकं. एक बुरूज धुक्यात गेला की साखळी तुटली. आम्ही आठ दिवसांपूर्वी जे भोगलं ते भोगत तिथं नेव्हीचा माणूस महिनोन् महिने बसलेला, पगारी. फ्रेंच तर परत आलेच नाहीत, १८०५ ला ट्रॅफल्गारची लढाई झाल्यावर त्यांचं आरमारच मोडलं. हा बुरूज तर त्याच्याही नंतर पुरा झाला, १८०८ च्या सुमाराला, आणि त्यासाठी दगड कुठून आणला? तिथंच उभ्या असलेल्या त्या जुन्या किल्ल्याचा. ज्याच्यावरून नाव पडलं ‘मोहर’, तो किल्ला पाडून हा बुरूज केला. आता किल्ला नाही, बुरूजही पडलाय, नाव तेवढं राहिलंय, आणि सोळा लाख लोक ते तिकिटावर वाचतात.

अजून एक माणूस सांगते आणि मग पुढं जाते, हा मला फार आवडतो. जॉन फिलिप हॉलंड. १८४१ साली लिस्कॅनरला जन्मला, म्हणजे आपला बुरूज उभा राहिल्यावर सहा वर्षांनी. घरात आयरिश भाषा, इंग्रजी शाळेत शिकला. बाप कोस्टगार्डमध्ये, किनाऱ्यावर नजर ठेवायच्या नोकरीत. पोरगा शाळामास्तर झाला, १८७३ ला अमेरिकेत गेला, आणि तिथं त्यानं बनवली पाणबुडी. म्हणजे बापाचा जन्म समुद्रावर काय दिसतंय ते बघण्यात गेला आणि पोरानं न दिसणारी बोट काढली! सुरुवातीला पैसे दिले आयरिश क्रांतिकारकांनी, इंग्रजांची जहाजं बुडवायला. १८८१ ला ती बोट पाण्यात उतरली, पण पुढं त्यांचं आपसात फाटलं. शेवटी १९०० साली त्याची पाणबुडी अमेरिकन नेव्हीनं विकत घेतली, आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांच्या नेव्हीची पहिली पाणबुडी समुद्रात उतरली ती ह्याच्याच डिझाइनची. ज्यांना बुडवायला काढली त्यांनीच घेतली. बुरुजांची नोकरी तिथंच संपली म्हणायची.

बरं, मग तिथून ओब्रायनच्या बुरुजाकडे. ऊन होतं म्हणून पायऱ्यांच्या वाटेवर अप्पा सावकाश चालत होते, आणि मध्येच खाली वाकले. मला वाटलं बूट. तर फरशीवरून हात फिरवत होते. ती उभी भिंत सांगितली ना मघाशी, ओब्रायनची, त्याच दगडाच्या फरश्या वाटेलाही आहेत, लिस्कॅनर स्टोन म्हणतात, आपल्या शहाबादीसारखा थराथराने निघणारा. आणि त्याच्यावर नक्षी असते. बोटाएवढ्या जाड वळ्या, वेड्यावाकड्या, एकमेकींवरून गेलेल्या, पाटावर शेवया वाळत घातल्यासारख्या. अप्पांना वाटलं सिमेंटमध्ये डिझाइन केलंय. ते डिझाइन नाही. बत्तीस कोटी वर्षांपूर्वी तिथं एका मोठ्या नदीचं मुख होतं, समुद्रात गाळ आणून टाकत होती, त्या गाळात किड्यासारखे काही जीव सरपटत गेले, खात गेले, आणि त्यांची वाट तेवढी राहिली. जीव नाही उरला, चाललेला रस्ता उरला. वर गाळ बसला, दगड झाला, असे थरावर थर, म्हणून तो कडा लांबून वह्यांची चळत रचल्यासारखा दिसतो. आपला सह्याद्री म्हणजे लाव्हा, तापलेला रस, त्यात कुठला किडा टिकायला, आणि त्याचं वयही साडेसहा कोटी, ह्याच्यासमोर पोरगंच.

अप्पांनी त्या वळ्यांवरून एक बोट शेवटपर्यंत नेलं, फरशी संपेपर्यंत. बरेच लोक मागं थांबले होते पण कुणी काही बोललं नाही.

वर बुरुजावर गेलो. आता सगळं होतं. पश्चिमेला तीन अॅरन बेटं ओळीत, इनिशिर, इनिशमान, इनिशमोर, तिथं अजून घरात आयरिश बोलतात. त्यांच्या मागं गॉलवे बे, पलीकडं कॉनेमाराचे डोंगर निळे. दक्षिणेला कडे एकामागे एक पाण्यात शिरलेले, आणि शेवटच्याच्या डोक्यावर तो पडका बुरूज, तीळाएवढा. खाली ब्रॅनॉनमोर नावाचा सुळका, ६७ मीटरचा, वरून बघितला तर खुंटीसारखा वाटतो, आणि त्याच्या भोवती पांढरे ठिपके, ते पक्षी. मी अप्पांकडे बघत होते की आता काय बोलतात. चौदाशे अडतीस वगैरे काहीतरी येणार असं वाटलं. काही आलं नाही. वारा एवढा होता की त्यांची टोपी त्यांनी आधीच खिशात ठेवली होती, केस सगळे उभे, आणि दोन्ही हात चर्येवर.

तेवढ्यात मागून हिंदीत कुणीतरी बोललं, भारतातलं एक कुटुंब, दोघं नवरा-बायको, एक मुलगी, आणि आजी. टूरच्या बसने आले होते, दीड तास दिला होता त्यांना, त्यातला निम्मा खाली कॉफीच्या रांगेत गेला होता. त्या माणसानं अप्पांच्या हातात फोन दिला, अंकल एक फोटो. आणि अप्पांचा चेहरा बदलला. मी ओळखते तो चेहरा. त्यांनी फोन हातात घेतला आणि म्हणाले इथं नको, इथं ऊन डोळ्यांत येतंय आणि बेटं कापली जातात. खाली चला. सगळ्यांना जिन्याने खाली नेलं, भिंतीच्या कडेला एका जागी उभं केलं, आजींना मधे, दोन पावलं डावीकडं, बुरूज डोक्यातून निघतोय, हं आता. फोटो काढले, सहा-सात. मग बोट करून, हे पहिलं इनिशिर, मधलं इनिशमान, ते लांबचं मोठं इनिशमोर. आठ दिवसांपूर्वी मी गाडीत सांगितलेली नावं, एकही चुकलं नाही. तिकडं तो सुळका, तिकडं चेटकीण. दगडावरच्या शेवयासुद्धा दाखवल्या, त्यांच्या मुलीला खाली बसवून. मी आपली बाजूला पर्स धरून उभी.

शेवटी त्या बाईंनी विचारलं, अंकल आप यहीं रहते हैं क्या?

अप्पा म्हणाले नाही नाही, मी महाबळेश्वरचा.

“अरे! हम लोग गए थे,” त्या म्हणाल्या, “पर इतना कोहरा था, कुछ दिखा ही नहीं.”

“कौनसे महिने में?” अप्पांनी विचारलं, आणि मी घड्याळ बघितलं, कारण मला माहीत होतं की आता त्यांची बस चुकणार.